शेमात बोलायचं नसतं

आमच्या घरात नावानं कुणी कुणाला हाक मारली नाही. ते मला 'अगं' म्हणायचे, मी त्यांना 'अहो'. ते रेल्वेत गार्ड होते. ड्यूटीवरून आले की बाहेर बूट काढता काढताच 'अगं' अशी हाक यायची. त्या एका हाकेवरून मला कळायचं की आज गाडी घाटात रखडली होती, की साहेबाशी वाजलं होतं, की नुसतीच भूक लागली आहे. तेव्हा त्या हाकेचा मला वैताग यायचा. हातातलं काम टाकून कोण येणार? 'आले, आले' म्हणायचे आणि जायचे नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हातही थरथरत का होईना उचलायला लागले. वाचा मात्र गेली. आवाज होता, कान शाबूत होते, मी बोललेलं बहुतेक सगळं समजत होतं. शब्द तेवढे सापडत नव्हते. पाणी हवं असलं की ग्लासाकडे बघायचे, तोंड उघडायचे, कपाळाला आठ्या घालायचे आणि शेवटी तोंडातून निघायचं 'च्यायला'. कंगवा हवा असला तरी च्यायला, पंखा बंद कर म्हणायचं असलं तरी च्यायला. उभ्या जन्मात माझ्यासमोर शिवी न दिलेला माणूस! डॉक्टर म्हणाले, असं होतं. जे नुसतं जिभेवर बसलेलं असतं ते कधी कधी शिल्लक राहतं, आणि जे त्या त्या वेळी जुळवून बोलावं लागतं ते जातं.

दवाखान्यातून वलवणला घरी आणलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात होते. बाहेरच्या खोलीतून त्यांचा आवाज आला. स्पष्ट, खणखणीत, एकही अक्षर न अडखळता. ते खुर्चीत ताठ बसून उजवा हात डोळ्यांवर ठेवून शेमा म्हणत होते. अख्खा शेमा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी हातातलं लाटणं घेऊन तशीच धावले. शेमा संपला, हात खाली आला, आणि मी म्हटलं, "अहो, बोललात! अजून बोला!" त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "च्यायला."

शेमा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण आमच्या आळीत अजून निम्म्या लोकांना आम्ही ख्रिश्चन वाटतो. आम्ही बेने इस्राएल, मराठी ज्यू. कोकणात आमच्या पूर्वजांना शनिवार तेली म्हणायचे, कारण ते तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. फार जुन्या काळी जहाज फुटून ते किनाऱ्याला लागले, ग्रंथ बुडाले, पुढे भाषाही गेली आणि तोंडात फक्त शेमा राहिला, असं आम्हाला लहानपणापासून सांगतात. देव एक आहे असं सांगणारी ही प्रार्थना 'ऐक' या शब्दानं सुरू होते. आमचे लोक बारशाला, लग्नाला, मयताला शेमाच म्हणायचे, कारण दुसरं काही येतच नव्हतं. आता यांच्या डोक्यात तसंच जहाज फुटलं होतं, आणि तोच शेमा तरून किनाऱ्याला आला होता.

ही गोष्ट मनात आली तेव्हा मला रडू यायला हवं होतं. मला राग आला. रोज सकाळ-संध्याकाळ तो स्वच्छ, न अडखळणारा शेमा ऐकायचा आणि नंतर दिवसभर च्यायला. देवाशी बोलायला शब्द आहेत आणि माझ्याशी बोलायला नाहीत! शेमाचा राग येणं हे पाप असेल तर असो, मला यायचा. आणि त्याहून वाईट एक शंका यायची, की हा शेमा म्हणतंय कोण? ते म्हणताहेत, की लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेलं नुसतं वाजतंय?

त्याच दिवसांत मी नवस बोलले. आमच्यात नबीच्या, म्हणजे आमच्या एका जुन्या प्रेषिताच्या, नावानं मलिदा करतात. पोहे भिजवून त्यात खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा घालायचा, भोवती फळं मांडायची, चार माणसं बोलवून प्रार्थना म्हणायची आणि मग तो वाटायचा. नवस फळाला आला की मलिदा, त्याच्या आधी नाही. मी म्हटलं होतं, यांच्या तोंडून शब्द फुटू दे, मलिदा करीन. घाईघाईत बोलले. कुठला शब्द, ते म्हटलंच नाही. मनात अर्थातच 'अगं' होतं.

पोहे मात्र आणून ठेवले. तळेगावला वाचा-उपचाराला जायचो, तेव्हा वाटेत कामशेतच्या बाजारात थांबून चांगले जाड पोहे घेतले आणि डब्यात भरले. मला थांबता येत नाही, हा माझा स्वभाव आहे. तळेगावची ती उपचार करणारी मुलगी चित्रं दाखवायची. कप, छत्री, कुलूप. हे च्यायला म्हणायचे, ती हसायची, हेही हसायचे. मी एकटी कपाळाला हात लावून बसायचे. "काकू, तुम्ही त्यांच्या तोंडात शब्द घालू नका," ती म्हणायची. "थांबा जरा. त्यांना शोधू द्या." परतीच्या वाटेवर हायवेला रविवारची पुण्यामुंबईची गर्दी लागली की गाडी मुंगीच्या पावलानं चालायची, आणि मी पुन्हा सुरू व्हायचे. "अहो, तो बघा ट्रक. म्हणा, ट्रक. ट."

दूध घालायला येणाऱ्या मावशींना नवसाचं कळलं. त्या वलवणच्या धरणाच्या अंगाला राहतात, घरच्या म्हशी आहेत. एके दिवशी दारातच त्यांनी यांचा शेमा ऐकला.

"भाऊ तर झ्याक बोलत्यात की," त्या म्हणाल्या. "तुमी तर सांगत हुता, बोलत न्हाईत."

"ती प्रार्थना आहे, मावशी. ती पाठ आहे त्यांना. बाकी काही येत नाही."

"तोंडातनं सबुद तर आला नव्हं? मंग नवस फेडा की. द्येवाला लय दिस ताटकळत ठिऊ नये."

"मला तो शब्द नको आहे."

मावशींना ते पटलं नाही. मग लगेच कुठल्याशा वाडीवरच्या देवऋषीचा पत्ता सांगायला लागल्या. तो म्हणे पाठीत एकच गुद्दा घालतो आणि मुकी माणसं बोलायला लागतात. मी दुधाचं पातेलं उचललं आणि आत गेले.

खरं म्हणजे त्या बरोबर होत्या. नवसाचा शब्द फुटला होता आणि मी हट्टानं तो मोजत नव्हते. डब्यातल्या पोह्यांना जुना वास येऊ लागला. मी ते कांदेपोहे करून संपवले, कामशेतहून दुसरे आणले आणि पुन्हा त्याच डब्यात भरले. रोज झाकण उघडून वास घ्यायचा, हे एक नवीनच काम होऊन बसलं.

माझ्या प्रार्थनेचं तर विचारूच नका. त्यांना सोबत म्हणून मी रोज सकाळी बाजूला बसून शेमा म्हणायचे. हात डोळ्यांवर ठेवला की एकेक यायला लागायचं. गोळी दिली का? सिलिंडर आजच लावायला हवा. पोह्यांना वास येतोय का? तो मेला देवऋषी खरंच गुद्दा घालत असेल का? मी एकेकाला हाकलत बसायचे, आणि इतक्यात शेमा संपायचा. शेजारी ते शांतपणे सगळं म्हणून मोकळे. त्यांना शब्द होते आणि मन कुठं होतं देव जाणे. मला मन होतं तेवढं सगळं भटकं.

थंडी पडल्यावर आमचे हज्जान काका यांना बघायला आले. पुण्याच्या आमच्या प्रार्थनालयात त्यांनी कितीतरी वर्षं प्रार्थना चालवली आहे. आता गुडघे गेलेत, जावई गाडीनं सोडून गेला. त्यांना आमच्या धर्मातल्या जुन्या गूढ ग्रंथांचा नाद आहे, आणि तो नाद ते कुणाच्याही गळ्यात घालू शकतात. व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. समोर धुकं होतं, धरणाची भिंतसुद्धा दिसत नव्हती. हे शाल पांघरून ऐकत बसले होते.

"अगं, चहात साखर घालू नकोस हं माझ्या," काका सहज म्हणाले.

झटक्यानंतर या घरात कुणी मला 'अगं' म्हटलं नव्हतं. मी आत गेले, ओट्याला धरून उभी राहिले आणि चांगली रडले. मग साखर घातलेलाच चहा घेऊन बाहेर आले.

मी त्यांना सगळं सांगितलं. शेमाच्या रागाचंही सांगितलं. वाटलं होतं, रागावतील. त्यांनी यांच्याकडे बघून विचारलं, "बोलू का हो तुमच्याविषयी?" यांनी मान हलवली.

"आपल्या जुन्या लोकांनी लिहून ठेवलंय," काका म्हणाले, "की मिसर देशात आपले लोक गुलाम होते, तेव्हा गुलामीत नुसती माणसं नव्हती. बोलणंसुद्धा गुलामीत होतं. लोक ओरडत होते, कण्हत होते, आवाज होता. शब्द नव्हता. शब्द आपल्या देशाबाहेर पडला होता. शब्द मेला असं नाही म्हणत ते. बाहेर पडला म्हणतात. म्हणजे परत येऊ शकतो."

"कधी?"

"ते लिहिलेलं नाही."

मला हसू आलं आणि चीडही आली. काकांनी मग मनाचा हिशेब मांडला. मनात आधी काहीतरी सुचतं, विजेसारखं, त्याला अजून रूप नसतं. मग ते उमजतं, त्याला हातपाय फुटतात. आणि तिसरं म्हणजे ते जिवाला भिडतं, माणूस त्याला धरून ठेवतो. हे तिसरं नसेल, तर सुचलेलं आणि उमजलेलं दोन्ही हवेत राहतं. "यांना सुचतंय, उमजतंय, सगळं आहे," ते म्हणाले. "खालचा दरवाजा तेवढा अडकलाय."

"आणि शेमा? तो कुठल्या दरवाजानं येतो?"

काकांनी कप खाली ठेवला. "मला नाही सांगता येणार," ते म्हणाले. मला त्यांचं हे उत्तर फार आवडलं.

मग मी माझं गाऱ्हाणं सांगितलं. प्रार्थनेत मन लागत नाही, सिलिंडर आठवतो.

"कोण आठवायला पाहिजे होतं?" काका म्हणाले. "हे बघ, प्रार्थनेत जो विचार घुसतो, त्याला हाकलू नये असं आपले काही संत सांगून गेलेत. तो कुठंतरी खाली पडलेला असतो, अडकलेला असतो. तू प्रार्थनेला उभी राहिलीस की त्याला वाटतं, ही वर चालली आहे, मलाही ने. म्हणून तो नेमका तेव्हा येतो. त्याला बरोबर घ्यायचं."

"सिलिंडरला?"

"सिलिंडर कशासाठी हवाय तुला? यांच्यासाठी शिजवायलाच ना?" आणि मग गुडघा चोळत म्हणाले, "मी स्वतः काही नेत नाही वर. माझा गुडघा रोज येतो शेमात, आणि मी रोज त्याला शिव्या घालतो."

हे एवढ्या मोठ्यानं हसले की शाल खाली पडली.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. मावशी नेहमीपेक्षा उशिरा आल्या. मी दूध गॅसवर ठेवलं आणि यांच्याशेजारी येऊन बसले, कारण यांनी हात डोळ्यांकडे न्यायला सुरुवात केली होती. एरवी मी गॅस बंद करून आले असते. त्या दिवशी ठरवलं, काका म्हणतात तसं करून बघू. दुधाचा विचार आला, येऊ दे. हाकलायचा नाही आणि त्याच्यामागे धावायचंही नाही. मी डोळे झाकून म्हणत होते, दूध मनात होतं, आणि पहिल्यांदाच बरं वाटत होतं.

यांचा आवाज मध्येच थांबला.

शेमा कधी थांबत नसे. आणि मग डोळे झाकलेल्या अंधारात मला ऐकू आलं, "अगं... दूध."

मी काय केलं असेल? डोळ्यांवरचा हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर नेलं आणि म्हटलं, "श्श!"

शेमात बोलायचं नसतं. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नसते, डोळ्यानं खूणसुद्धा करायची नसते. लहानपणी मी मध्ये एक अक्षर बोलले की आईचा चिमटा दंडाला बसायचा. तो चिमटा माझ्या हाडात मुरला आहे. माझ्या डोक्याला कळायच्या आत माझ्या हातानं त्यांना गप्प केलं. आणि ते गप्प झाले. शहाण्या मुलासारखा त्यांनी पुढचा शेमा उचलला आणि शेवटच्या अक्षरापर्यंत नीट म्हटला. तोपर्यंत स्वयंपाकघरातून दूध उतू जाऊन करपल्याचा वास आला होता.

शेमा संपताच मी हात खाली घेतला. "अहो, काय म्हणालात? मघाशी काय म्हणालात? पुन्हा म्हणा. एकदाच म्हणा." मी त्यांचे दोन्ही खांदे धरले होते. ते घाबरले. त्यांनी तोंड उघडलं, आठ्या पडल्या, घाम आला. च्यायलासुद्धा निघालं नाही.

ते दिवस मला आठवू नयेत असे आहेत. मी एका जागी बसू शकत नव्हते. घरात असले की यांच्या तोंडाकडे बघायचे, म्हणून बाहेर पडायचे. धरणाच्या रस्त्यानं निम्म्यापर्यंत जायचे आणि मी नसताना ते बोलले तर, या धास्तीनं पळत परत यायचे. इतके महिने ज्या एका हाकेसाठी मी नबीला वेठीला धरलं होतं, ती आली आणि मीच तिच्या तोंडावर दार लावलं. प्रार्थना 'ऐक' म्हणून सुरू होते, आणि तीच म्हणताना मी ऐकलं नाही. दार एकदाच उघडणार असेल तर? मुद्दाम गॅसवर दूध ठेवून मी शेमाला बसले, एकदा नाही, रोज. दूध उतू गेलं, ओटा घासून घासून हात दुखले. ते आपले शेमा म्हणत राहिले.

शेवटी काकांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे त्यांच्या शेमात दुधाचा विचार आला," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्यांनी तो तुला सांगितला."

"हो हो, काका, तेच तर सांगतेय!"

"अगं, मग ते नुसतं वाजत नव्हतं ना? वाजणाऱ्या वस्तूला दूध कुठं आठवतं?" ते थोडं थांबून म्हणाले, "मलिदा कर. मी येतो."

"पण त्यांनी पुन्हा म्हटलं नाहीये."

"नवसात 'पुन्हा' असं बोलली होतीस का?"

नव्हते बोलले. मलिदा करायचं ठरलं आणि मला उलट जास्तच भीती वाटायला लागली. नवस फेडायचा म्हणजे व्यवहार संपला. मग नबीकडे मागायला माझ्याजवळ काय उरणार?

सकाळी पोहे भिजवले. खोबरं खवलं. फळं मांडली, प्रार्थनेत हुंगायला सब्जाच्या काड्या आणल्या. पुण्याहून काका आणि आमच्यातली दोन-तीन घरची माणसं आली. मावशी दूध घालून जायला निघाल्या होत्या, त्यांना थांबवलं. त्या दारापाशी पदर सावरून बसल्या. यांना मी इस्त्रीचा सदरा घातला होता. बटणं लावताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. मी म्हटलं, "बोला ना." त्यांनी मान वर केली, गळ्याचं बटण लावायला.

काकांनी सुरुवात केली. शेमाची वेळ आली, सगळ्यांचे हात डोळ्यांवर गेले. मीही हात नेला. शेजारी यांचा खणखणीत आवाज लागला. आणि एकाएकी मला ते सहन होईना. आत्ता, याच जागी, शब्द एकदा बाहेर आला होता. हा शेमा संपला की मलिदा वाटायचा, माणसं घरी जाणार, आणि उद्यापासून मी कशाची वाट बघणार? आईचा चिमटा आठवला. म्हटलं, बसू दे. मी डोळ्यांवरचा हात काढला, त्यांच्याकडे वळले आणि भर शेमात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हटलं, "अहो!"

त्यांचा आवाज थांबला. हात खाली आला. कोपऱ्यात कुणीतरी खोकलं. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मग थरथरता उजवा हात हळूहळू वर नेला, एक बोट ओठांवर ठेवलं आणि म्हणाले, "श्श." त्यांचे डोळे हसत होते. तोंडात काहीतरी जुळत होतं. मी एकही अक्षर पुढे केलं नाही. थांबले.

"अगं," ते म्हणाले, "नंतर."

मी पुन्हा डोळ्यांवर हात ठेवला. हात ओला झाला. शेमा पुढे सुरू झाला आणि माझ्या मनात पोहे आले, दूध आलं, तळेगावची ती मुलगी आली, घाटात रखडलेल्या सगळ्या गाड्या आल्या, आणि बाहेर बूट काढत ते हाक मारायचे तेव्हा न गेलेली मी आले. एकालाही मी हाकललं नाही.